भाऊसाहेबांची खाणही सांगा: गोव्याच्या मुख्यमंत्र्यांना खुले पत्र

माननीय मुख्यमंत्री महोदय,
गोवा राज्य, पर्वरी.



दर वर्षी १२ मार्चला जयंती आणि १२ ऑगस्टला पुण्यतिथी. या दोन्ही दिवशी भाऊसाहेब बांदोडकरांना राज्यभर आदरांजली वाहिली जाते, मिरामारच्या समाधीवर फुले चढतात, भाषणे होतात. गोव्याचे पहिले मुख्यमंत्री, बहुजन समाजाचे कैवारी, खेड्यापाड्यांत शाळा नेणारे, कुळांना कायद्याचे संरक्षण देणारे, हे सारे त्यांत येते आणि ते खरे आहे. त्यातला एक शब्दही कमी करावा असे मला वाटत नाही. परंतु दयानंद बाळकृष्ण बांदोडकर मुख्यमंत्री होण्यापूर्वी खाणमालक होते, राजकारणात उतरले तेही खाणीतून आलेल्या पैशाच्या बळावर, ही गोष्ट भाषणात एका विशेषणापुरती उरते. ‘खाण उद्योजक’ एवढे म्हणून वक्ते पुढे सरकतात. हे पत्र त्या सुटलेल्या भागासाठी आहे. भाऊसाहेबांचे आयुष्य राज्याने पूर्ण सांगावे, त्यासाठी लागणारे कागद जपून लोकांना खुले करावेत, आणि त्या आयुष्यात जे काम अर्धे राहिले ते पुरे करावे, अशी विनंती मी आपल्याला करतो आहे.

ही विनंती आपल्याकडेच करण्याचे कारण आहे. ज्या खुर्चीवर ते २० डिसेंबर १९६३ रोजी बसले तिच्यावर आज आपण आहात, आणि गोव्याच्या खाणी पुन्हा सुरू करण्याचा प्रश्नही आज आपल्याच टेबलावर आहे. या दोन गोष्टींचा एकमेकींशी जो संबंध आहे तो भाऊसाहेबांच्या आयुष्यात जितका उघड दिसतो तितका दुसऱ्या कुणाच्या आयुष्यात दिसत नाही.

त्यांचा जन्म १९११चा, पेडण्याचा. घर गोमंतक मराठा समाजातले. या समाजाने गोव्याला आणि महाराष्ट्राला गाणे दिले, रंगभूमी दिली. पण पोर्तुगीज अमलातल्या गावगाड्यात देवळाच्या महाजनकीत किंवा गावच्या कारभारात त्याला बरोबरीची जागा नव्हती. जमीन भाटकाराची, म्हणजे जमीनदाराची. कॉमुनिदादीचे, म्हणजे गावच्या सामाईक जमिनीचे, उत्पन्न गावकारांचे. सरकारदरबारी चालायची ती पोर्तुगीज भाषा, आणि ती शिकलेली माणसे थोडी. पेडण्यातल्या साध्या घरातल्या मुलाला या व्यवस्थेत वर जायचे तर वाट जवळजवळ नव्हतीच. ती वाट दुसऱ्या महायुद्धानंतर जमिनीखालून निघाली.

गोव्यातल्या खाणींचा इतिहास आपल्याला मी सांगायला नको, पण वाचकांसाठी थोडा सांगतो. पोर्तुगीज सरकार १९०६च्या खाण कायद्याखाली सवलतनामे देत असे. एकदा सवलत मिळाली की ती व्यवहारात कायमचीच. मुदतीचा प्रश्न नाही, वर्षाला ठरलेला कर भरला की झाले. पहिली चाळीस वर्षे या कागदांना फारशी किंमत नव्हती. महायुद्ध संपले, जपानने पोलाद कारखाने पुन्हा उभे करायला घेतले, आणि डिचोली, सत्तरी, सांगे, केपे या भागांतल्या डोंगरातली लाल माती एकाएकी मोलाची झाली. सुरुवातीला सारे काम हातांनी चाले. पहार, कुदळ, घमेले. बायका डोक्यावर पाट्या वाहत. खनिज नदीकाठी यायचे, तिथून बार्जमध्ये भरून मांडवी आणि जुवारीतून मुरगाव बंदरात, आणि बंदरातून जपानला. मग जपानी कर्जावर यंत्रे आली, ट्रक आले, आणि १९५०च्या दशकाच्या अखेरीस निर्यात लाखो टनांवर गेली.

या उलाढालीतून गोव्यात जो नवा श्रीमंत वर्ग तयार झाला त्यात जुन्या भाटकार घराण्यांतली माणसे होती, व्यापारी होते, आणि बांदोडकरांसारखे ज्यांच्या मागे ना जमीन ना घराण्याचे नाव असेही होते. माझ्या मते भाऊसाहेबांच्या राजकारणाची किल्ली इथे आहे. त्यांचा पैसा शेतीच्या खंडातून आलेला नव्हता. कुळाने घातलेल्या भाताच्या मापावर त्यांचे घर चालत नव्हते. भाटकाराला हात घालताना स्वतःच्या पायाखालची जमीन हलेल अशी त्यांची स्थिती नव्हती, म्हणून जे काम गोव्यातला जमीनदार पुढारी कधीही करू शकला नसता ते त्यांना करता आले. पैसा हाती आल्यावर त्यांनी देवळांना, शाळांना, अडल्यानडल्याला हात सैल सोडून दिले, आणि राजकारणात येण्यापूर्वीच लोकांच्या तोंडी त्यांचे ‘दाता’ म्हणून नाव होते. या देण्याकडे मी संशयाने पाहत नाही. ज्याने उपेक्षा भोगली आहे त्याच्या देण्यात आपलेपणा असतो, आणि घेणाऱ्याला तो कळतो.

त्या काळातले बाकीचे खाणमालकही स्वस्थ बसले नव्हते. मुक्तीनंतर वर्षभरात, १९६२ मध्ये, पणजीत धेंपे महाविद्यालय आणि मडगावात चौगुले महाविद्यालय सुरू झाले. त्याच वर्षी चौगुल्यांनी ‘गोमन्तक’ काढला आणि बा. द. सातोस्करांना संपादक नेमले; पुढच्या वर्षी धेंप्यांचा इंग्रजी ‘नवहिंद टाइम्स’ आला. म्हणजे मुक्त गोव्याची पहिली महाविद्यालये आणि पहिली मोठी वृत्तपत्रे खनिजाच्या पैशावर उभी राहिली. बांदोडकरांनी त्याच पैशाच्या आधाराने पक्ष उभा केला. १९६३ मध्ये महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष स्थापन झाला, सिंह ही त्याची निशाणी, आणि डिसेंबरच्या पहिल्याच विधानसभा निवडणुकीत त्याने जे केले त्याने दिल्ली थक्क झाली. ज्या काँग्रेस सरकारच्या सैन्याने दोन वर्षांपूर्वी गोवा मुक्त केला त्या काँग्रेसला गोव्याच्या भूमीवर एकही जागा मिळाली नाही. भाऊसाहेब स्वतः त्या निवडणुकीला उभेच नव्हते. पक्षाने नेता म्हणून त्यांना निवडले, ते मुख्यमंत्री झाले, आणि मग मडकईतून पोटनिवडणुकीने विधानसभेत आले.

राज्यकर्ते म्हणून त्यांनी केलेले पहिले मोठे काम म्हणजे १९६४चा कूळ कायदा. आज हा कायदा नुसत्या नावाने उच्चारला जातो, म्हणून तो कशासाठी होता हे सांगायला हवे. कूळ पिढ्यान्पिढ्या जमीन कसत असे, पण भाटकाराच्या मनात आले तर एका हंगामात त्याला उठवता येत असे. खंड किती घ्यायचा हेही त्याच्याच मनावर. या कायद्याने खंडाला उत्पन्नाच्या सहाव्या हिश्श्याची मर्यादा घातली आणि कुळाला उठवण्याचा मार्ग बंद केला. ज्या घरातल्या माणसांनी भाटकाराच्या व्हरांड्याची पायरी कधी चढली नव्हती त्या घरात पहिल्यांदा कायद्याचा कागद आला. गोव्यातल्या शेतकऱ्याच्या पाठीचा कणा सरळ झाला तो या कायद्याने, असे म्हणण्यात मला अतिशयोक्ती वाटत नाही. पुढे मुख्यमंत्री शशिकला काकोडकरांच्या कारकिर्दीत भाटकाराच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्यांसाठीचा १९७५चा मुंडकार कायदा आणि १९७६ची ‘कसेल त्याची जमीन’ ही दुरुस्ती झाली, तीही याच वाटेने.

शाळांबद्दल जास्त लिहीत नाही, कारण तो भाग सर्वांना ठाऊक आहे. पोर्तुगीज काळात शिकायचे तर शहराजवळ घर हवे, पोर्तुगीज यायला हवी किंवा गावात कुणीतरी खाजगी मराठी शाळा चालवणारा हवा. बांदोडकरांच्या दहा वर्षांत सरकारी प्राथमिक शाळा गावोगाव, वाड्यावाड्यांवर गेली, आणि ती बहुतेक ठिकाणी मराठी होती. आज गोव्याच्या प्रशासनात, शिक्षणात, वकिलीत, वैद्यकीत जी बहुजन माणसे आहेत त्यांच्यापैकी कितीतरी जणांच्या घरातली पहिली अक्षरे त्या शाळांत गिरवली गेली. कला अकादमी १९७० मध्ये स्थापन झाली, धारबांदोड्याच्या परिसरात संजीवनी साखर कारखाना उभा राहिला, कूळ उसाकडे वळावे असा त्यामागे विचार होता. त्या कारखान्याचे गाळप गेली काही वर्षे बंद आहे, हे आपण जाणताच.

जनमत कौलाजवळ मात्र मला थांबावेसे वाटते, कारण त्यांच्या आयुष्याचा खरा कस तिथे लागला.

गोव्याचे महाराष्ट्रात विलीनीकरण हे पक्षाच्या नावातच होते. जॅक सिक्वेरा यांच्या युनायटेड गोवन्स पक्षाने, म्हणजे आपल्याकडच्या बोलण्यातल्या ‘युगो’ने, वेगळे अस्तित्व मागितले. केंद्राने अखेर कौल घ्यायचे ठरवले. कौल निष्पक्ष व्हायचा तर बांदोडकर सरकारने बाजूला व्हावे अशी मागणी झाली, आणि डिसेंबर १९६६ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. आपला विजय निश्चित आहे असे त्यांना वाटत होते यात शंका नाही. पण आपणच उभ्या केलेल्या सरकारातून अशा कारणासाठी उठणे, याला मन मोठे लागते. १६ जानेवारी १९६७ रोजी मतदान झाले. फूल म्हणजे विलीनीकरण, दोन पाने म्हणजे संघप्रदेश. दोन पानांना १,७२,१९१ मते पडली, फुलाला १,३८,१७०. फरक ३४,०२१चा.

या आकड्यांकडे नीट पाहिले पाहिजे. वैध मतांपैकी निम्म्याहून जास्त, सुमारे साडेपंचावन्न टक्के, दोन पानांकडे गेली. ख्रिस्ती मतदार तेव्हाच्या गोव्यात निम्म्याहून बरेच कमी होते. म्हणजे हिंदूंच्या, बहुजनांच्याही काही घरांतून दोन पानांना मत गेले. आणि आणखी एक गोष्ट, जी मराठी वाचकाने विसरू नये: विलीनीकरणाविरुद्धचा लढा पुष्कळसा मराठीत लढला गेला. मडगावच्या ‘राष्ट्रमत’ या मराठी दैनिकातून उदय भेंब्रे यांचे ‘ब्रह्मास्त्र’ हे सदर रोज घराघरांत वाचले जाई. मराठी वाचणारा, मराठीत पूजापाठ करणारा, मराठी नाटकाला रात्र जागवणारा गोमंतकीय मतपेटीपाशी ‘माझा गोवा वेगळा राहू दे’ म्हणाला. मी मराठीत लिहिणारा माणूस आहे, मराठीवर माझे प्रेम आहे, आणि त्या मतदाराला मी चुकीचा ठरवू शकत नाही.

यानंतर जे घडले ते मला त्याहून मोलाचे वाटते. कौलात हरलेला माणूस घरी बसला नाही. मार्च १९६७ मध्ये विधानसभेची निवडणूक झाली, आणि ज्या गोव्याने जानेवारीत बांदोडकरांची मुख्य मागणी नाकारली होती त्याच गोव्याने त्यांच्या पक्षाला ३० पैकी १६ जागा देऊन पुन्हा सत्तेवर बसवले. मतदार गोंधळला होता असे काही अभ्यासक म्हणतात. मला तसे वाटत नाही. कुळाला आणि मुंडकाराला नेमके ठाऊक होते की गोव्याचे भवितव्य ही एक गोष्ट आणि आपल्या शेताचे, आपल्या पोराच्या शाळेचे भवितव्य ही दुसरी गोष्ट. पहिलीत त्याने भाऊसाहेबांना थांबवले. दुसरीत त्याला त्यांच्यावाचून दुसरा माणूस दिसत नव्हता. आणि भाऊसाहेबांनी हा निकाल मानला, राज्य केले, १९७२ मध्ये तिसऱ्यांदा निवडून आले. पक्षात १९७० मध्ये आमदारांचे बंड झाले, त्यांच्या एकहाती कारभाराबद्दल तक्रारी होत्या आणि त्या सगळ्याच निराधार होत्या असे नाही. तरीही लोकांशी त्यांचे नाते १२ ऑगस्ट १९७३ पर्यंत, मुख्यमंत्रिपदावर असतानाच मृत्यू येईपर्यंत, तुटले नाही.

महोदय, इतके सारे सांगून आता मी खाणीकडे परत येतो.

भाऊसाहेबांच्या कायद्याने भाटकाराचा हात धरला. खाणमालकाचा हात त्यांच्या राजवटीत कुणी धरला नाही. पोर्तुगीज सवलतनामे मुक्तीनंतरही तसेच चालू राहिले. खनिजावरचा कायदा केंद्राचा होता आणि संघप्रदेशाच्या मुख्यमंत्र्याचे अधिकार तोकडे होते, हे मान्य करायलाच हवे. सवलतनामे रद्द करून त्यांचे भाडेपट्ट्यांत रूपांतर करणारा कायदा संसदेने केला तो १९८७ मध्ये, आणि तोही २० डिसेंबर १९६१ पासून लागू झाल्याचे धरून. मधली पंचवीस वर्षे गेली. त्या पंचवीसपैकी जवळजवळ दहा वर्षे गोव्याचा मुख्यमंत्री स्वतः खाणमालक होता. त्या काळात खाणींबद्दल पणजीतून दिल्लीला काय लिहिले गेले, कोणत्या बैठकांत काय ठरले, गावांच्या तक्रारी आल्या का आणि त्यांचे काय झाले, हे सामान्य वाचकापुढे कधी मांडले गेलेले नाही. मी भाऊसाहेबांवर आरोप करत नाही. आरोप करायला कागद लागतात आणि निर्दोष ठरवायलाही कागदच लागतात.

डिचोली आणि सत्तरीतल्या कुळाच्या बाजूने ही गोष्ट पाहा. १९६४च्या कायद्याने त्याच्या कसण्याला संरक्षण मिळाले. शेत डोंगराच्या पायथ्याशी. डोंगरावर खाण. पावसाळ्यात डंपावरची माती ओढ्यात आली, ओढ्यातून शेतात उतरली, भाताच्या वाफ्यात लाल चिखल साचला. खाणीचा खड्डा भूजलाच्या खाली गेला तशा विहिरी आणि झरी आटल्या. खाण कंपनीने वर्षाची भरपाई म्हणून काही रक्कम दिली आणि कुळाने ती घेतली, कारण शेत पिकत नव्हते. मग त्याचाच मुलगा कर्ज काढून ट्रकवाला झाला आणि त्याच खाणीची माती वाहू लागला. ज्या माणसाला भाऊसाहेबांनी भाटकाराच्या पायरीवरून उठवले तोच माणूस दुसऱ्या दारात उभा राहिला. खाणपट्ट्यात ज्यांच्याशी मी वर्षानुवर्षे बोलत आलो त्या वडीलधाऱ्यांच्या घरांत भाऊसाहेबांचा फोटो देवाशेजारी असतो आणि अंगणात लाल धूळ असते. दोन्ही गोष्टी त्यांना एकाच आयुष्यात मिळाल्या, आणि त्यांची सांगड घालून देणारे एक पानही आपल्या शाळेच्या पुस्तकात नाही.

पुढचे आपल्याला ठाऊक आहे. चीनच्या मागणीने या शतकाच्या पहिल्या दशकात उत्खनन कुठल्या कुठे गेले. बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती शहा आयोगाचा अहवाल २०१२ मध्ये आला, त्यात सुमारे ३५ हजार कोटींच्या नुकसानीचा अंदाज होता. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने खाणी थांबवल्या. २१ एप्रिल २०१४च्या निकालात न्यायालयाने सांगितले की गोव्यातल्या सर्व लीझ २२ नोव्हेंबर २००७ रोजीच संपल्या होत्या. वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा आणि पुढच्या पिढ्यांसाठी कायमस्वरूपी निधी, हेही त्याच निकालातले. राज्याने लीझ पुन्हा त्याच हातांत दिल्या, आणि ७ फेब्रुवारी २०१८ रोजी न्यायालयाने त्या ८८ लीझ रद्द केल्या. त्यानंतर कामगार, ट्रकवाले, बार्जवाले, यंत्रे चालवणारे, ज्यांना आपण सरकारी भाषेत ‘खाण अवलंबित’ म्हणतो, त्यांच्या घरांत काय हाल झाले ते मी पाहिले आहेत. २०२२च्या अखेरीपासून लिलाव सुरू झाले.

एका माणसाच्या हातात खाण आणि राज्य दोन्ही असण्याची गोष्ट गोव्यात पहिल्यांदा घडली ती भाऊसाहेबांच्या रूपाने. त्यांच्या बाबतीत त्या एकत्र येण्यातून बरेच चांगले निघाले, कारण त्यांच्यामागे उपेक्षेची आठवण होती आणि समोर कुळांचा समाज होता. पण तेच दार नंतर उघडे राहिले. खनिजाच्या पैशावर निवडणुका लढवल्या जाऊ लागल्या, खाणीशी व्यवसायाने बांधलेली माणसे विधानसभेत बसू लागली, आणि त्यांच्याकडे भाऊसाहेबांची कुळांशी असलेली बांधिलकी नव्हती. आपण भाऊसाहेबांना खाणीपासून तोडून आठवले, म्हणून नंतर आलेल्यांना मोजण्याचे मापच आपल्या हाती राहिले नाही. त्यांनी खाणीच्या पैशाचे काय केले आणि खाणीबाबत काय केले नाही, हे दोन्ही समोर असते तर पुढच्या प्रत्येक मंत्र्याला लोकांनी तेच दोन प्रश्न विचारले असते.

म्हणून माझ्या मागण्या सांगतो.

पणजीचे पुराभिलेख खाते आशियातल्या जुन्या संग्रहांपैकी एक आहे. सोळाव्या शतकापासूनचे पोर्तुगीज कागद तिथे जपले आहेत. त्याच खात्यात १९६३ ते १९७३ या काळातल्या मुख्यमंत्री कार्यालयाच्या, महसूल खात्याच्या आणि खाण खात्याच्या नस्त्या एकत्र आणाव्यात, त्यांची सूची छापावी आणि कुणाही नागरिकाला त्या वाचू द्याव्यात. पोर्तुगीज सवलतनाम्यांची नोंद, कोणता डोंगर कुणाला कधी मिळाला, ही त्या सूचीत असलीच पाहिजे. भाऊसाहेबांच्या कुटुंबीयांनाही आदराने विनंती करावी की त्यांच्याजवळची पत्रे आणि हिशेबाच्या वह्या असतील तर त्या प्रतींच्या रूपाने राज्याला द्याव्यात.

दुसरे काम निकडीचे आहे. १९५०च्या दशकात डोक्यावर पाट्या वाहणाऱ्या बायका आणि पहार मारणारे कामगार, कूळ कायदा आला तेव्हा मामलेदार कचेरीत पहिल्यांदा उभी राहिलेली माणसे, ‘सिंहा’चा प्रचार करत पायी गावे फिरलेले कार्यकर्ते आणि ‘दोन पानां’चा प्रचार करणारेही, यांच्यापैकी जी हयात आहेत ती नव्वदीच्या अलीकडे-पलीकडे आहेत. गोवा विद्यापीठातल्या इतिहासाच्या, मराठीच्या आणि कोकणीच्या विद्यार्थ्यांना मानधन देऊन त्यांच्या तोंडून हे सारे नोंदवून घ्यावे, त्यांच्या भाषेत, मग ती मराठी असो, कोकणी असो. याला मोठा खर्च लागत नाही. स्मारकाच्या एका दुरुस्तीच्या पैशात हे होईल.

तिसरी मागणी सर्वात जड आहे. कूळ आणि मुंडकार यांचे खटले अजूनही मामलेदारांपुढे पडून आहेत. ज्यांच्या आजोबांना १९६४च्या कायद्याने हक्क मिळाला त्यांच्या नातवंडांच्या हाती अजून मालकीचा कागद नाही. एक तारीख, दुसरी तारीख, मामलेदार बदलला, पुन्हा तारीख. जमिनीचे भाव जसे वाढत गेले तसे हे हक्क मोडून काढण्यात ज्यांचा लाभ आहे अशी माणसेही वाढत गेली. आपण या खटल्यांचा निकाल लावण्याची भाषा अनेकदा केली आहे. त्यासाठी वेगळे अधिकारी, ठरलेली मुदत आणि दर तीन महिन्यांनी विधानसभेपुढे ठेवलेला आकडा, तालुकावार, एवढे आपण करावे. खाणपट्ट्यातल्या कुळांच्या शेतांत साचलेली माती काढणे आणि ती शेते पुन्हा लागवडीखाली आणणे हे काम जिल्हा खनिज निधीतून प्राधान्याने व्हावे. नव्या लिलावातून ज्या कंपन्यांना खाणी मिळतात त्यांच्या करारात पायथ्याच्या शेतांची आणि झरींची जबाबदारी गावाला वाचता येईल अशा भाषेत लिहावी आणि ग्रामसभेपुढे वाचावी.

आणि शाळेच्या पुस्तकात भाऊसाहेबांवरचा धडा नव्याने लिहावा. चौथी-पाचवीतल्या मुलाला कळेल असे त्यात सांगावे की पेडण्यातल्या साध्या घरातला एक माणूस खाणमालक झाला, त्या पैशाने त्याने लोकांना मदत केली, मग लोकांनी त्याला राज्य दिले, त्याने कुळांना संरक्षण दिले आणि शाळा काढल्या, कौलात लोकांनी त्याचे ऐकले नाही तेव्हा त्याने लोकांचे ऐकले. आणि हेही सांगावे की डोंगर कुणाचा, त्यातली माती कुणाची, हा प्रश्न त्याच्या काळात सुटला नाही. डिचोलीच्या शाळेतले मूल खिडकीतून बाहेर पाहील तेव्हा त्याला तो प्रश्न समोरच दिसेल, आणि पुस्तकात तो नसेल तर त्याचा पुस्तकावरचा विश्वास उडेल.

या चार गोष्टींपैकी पहिलीसाठी कायदा बदलावा लागत नाही, केंद्राची परवानगी लागत नाही, मंत्रिमंडळाचा एक ठराव पुरेसा आहे. येत्या अधिवेशनात आपण त्या नस्त्या खुल्या करण्याची तारीख सभागृहात जाहीर कराल का, याचे उत्तर मला आणि माझ्यासारख्या अनेकांना हवे आहे.

आपला,
एक गोमंतकीय नागरिक